नाना ‘कुंकू’ पाहतात

सिनेमा पाहून झाल्यावर नवरा-बायकोने त्या सिनेमाबद्दल निदान दोन तास बोलू नये, असे चव्वेचाळीस वर्षांच्या संसारानंतर माझे ठाम मत झाले आहे. त्यातून सिनेमा बिनसलेल्या संसाराचा असेल तर सरळ उद्याच्या भाजीचा विषय काढावा. हे मत पक्के असूनही परवा मी चुकलो. मुलाने घरातल्या टीव्हीवर जुना ‘कुंकू’ लावून दिला. आम्ही दोघांनी तो शेवटपर्यंत पाहिला आणि मी उगाचच म्हणालो, “काय काम केलंय केशवराव दात्यांनी!”

“हो ना,” सौ. म्हणाली, “तुमच्यातसुद्धा थोडेसे काकासाहेब आहेत.”

ज्यांनी ‘कुंकू’ पाहिलेला नाही त्यांना या वाक्यातली धार कळायची नाही. काकासाहेब हे वयस्कर विधुर वकील. कोवळ्या नीरेशी ते दुसरे लग्न करतात आणि तिच्या आयुष्याचे मातेरे होते. मी वकील नाही, विधुर नाही, आणि सौ. माझ्याहून फक्त तीन वर्षांनी लहान आहे. तरी ते वाक्य मला संध्याकाळभर कुसळासारखे टोचत राहिले. मग एकदम आठवले, की या एकाच सिनेमाने आमच्या घरातला पुरुष घायाळ होण्याची ही दुसरी वेळ. पहिला मान आमच्या आजोबांचा.

आजोबांना सगळे घर नाना म्हणत असे. आमचे गाव जुन्नर तालुक्यात, कुकडीच्या काठी. नाना गावचे कुलकर्णी. म्हणजे होते. १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतने गेली. मग कूळकायद्याचा कृषक दिन आला, तो १ एप्रिल १९५७ ला, आणि कसेल त्याची जमीन झाली. नाना कधी कसत नव्हते. त्यामुळे उरलेल्या राज्यात एक चौसोपी वाडा, एक बैलगाडी, एक जुना गाडीवान आणि ओटीवरचे एक लंबकाचे घड्याळ एवढीच प्रजा होती. पैकी घड्याळ तेवढे त्यांचे ऐकत असे. दर शनिवारी ते स्टुलावर चढून स्वहस्ते त्याला किल्ली देत. त्या स्टुलाला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, असा नियम होता.

१९६४ सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी दहा वर्षांचा होतो. नारायणगावला मुक्ताबाईची जत्रा भरली होती. नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी, विठाबाईंचे गाव. जत्रेत तमाशाचा फड असणारच, आणि तमाशाला जायची आमच्या वाड्यात सोय नव्हती. (मोठे काका तरीही जात, आणि तीन दिवस ‘जागरणाने’ त्यांचे डोळे लाल असत.) त्या वर्षी जत्रेत तंबूतला सिनेमाही आला होता. बैलगाडीवर पाटी लावून, कर्ण्यातून ओरडत एक माणूस गावोगाव फिरला, “प्रभातचा अमर चित्रपट! कुंकू! कुंकू! कुंकू!”

नानांनी कान टवकारले. ‘प्रभात’ म्हटल्यावर त्यांना ‘संत तुकाराम’ आठवला. त्यात नाव ‘कुंकू’. सौभाग्याची महती सांगणारा, सतीसावित्रीच्या वळणाचा सिनेमा असणार, असा त्यांनी हिशेब केला. “बायकांना न्या. विशेषतः हिला न्या,” असे त्यांनी फर्मान काढले, आणि ते स्वतःच निघाले.

‘हिला’ म्हणजे आत्याला. आत्या चोवीस वर्षांची होती. जत्रेच्या चार दिवस आधी ती एक ट्रंक आणि तीन वर्षांची मुलगी घेऊन अचानक वाड्यात येऊन उभी राहिली होती. “जत्रेला आले,” असे ती सांगत होती. पण जत्रेला येताना कुणी हिवाळी शालू आणि चांदीची भांडी आणत नाही, हे मलासुद्धा कळत होते. रात्री आजी तिच्या पाठीला हळद-तेल लावायची आणि आम्हा मुलांना त्या खोलीत मज्जाव असायचा. नानांना सगळे ठाऊक होते. त्यांचे म्हणणे एवढेच, “जत्रा होऊ दे. सोमवारी मी स्वतः पोचवून येतो. मुलगी दिली म्हणजे दिली.” सिनेमातल्या सावित्रीने आत्याला चार गोष्टी सांगितल्या तर नानांचे काम हलके होणार होते.

तंबूत मधोमध कनात. एका बाजूला पुरुष, दुसरीकडे बायका-मुले. मी बायकांत. सतरंजीवर मांडी घालून, समोर शेंगांचा पुडा ठेवून आम्ही सौभाग्याची महती ऐकायला बसलो.

‘कुंकू’ १९३७ सालचा. आमच्यापासून पन्नासएक मैलांवर, पुण्याच्या प्रभात स्टुडिओत व्ही. शांतारामांनी तो केला. कथा नारायण हरी आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीची. हे मूळ नाव जर पाटीवर असते तर नाना त्या तंबूकडे फिरकले नसते! नीरा ही मामाकडे वाढलेली पोरकी पोर. फसवून तिला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधतात. आता इथे रडून, देवाला साकडे घालून, सोशिकपणाने ती नवऱ्याचे मन जिंकील अशी तंबूची अपेक्षा. शांता आपटे यांची नीरा तसले काही करीत नाही. “हे लग्न मला मान्य नाही,” असे ती ठरवते आणि तिथून हलत नाही. नवऱ्याला जवळ येऊ देत नाही. मधेच ग्रामोफोनसोबत चक्क इंग्रजी कविता गाते. लाँगफेलो या अमेरिकन कवीची ती कविता आहे, हे मला पुढे कॉलेजात कळले. तंबूत इंग्रजी कुणालाच येत नव्हते, पण बायका अशा माना डोलावत होत्या की जणू दळताना रोज तेच म्हणत असाव्यात.

शिवाय या सिनेमात पार्श्वसंगीत नाही. वाद्ये वाजतात ती पडद्यावर खरोखर वाजत असतील तेव्हाच. एरवी घरातले आवाज, रस्त्यावरचे आवाज, आणि भिंतीवरच्या जुन्या घड्याळाची टकटक. ते घड्याळ म्हणजेच काकासाहेब, हे न सांगता कळत होते. पडद्यावर टकटक सुरू झाली की मला आमची ओटी दिसू लागे. कनातीपलीकडे नानांना काय दिसत होते, देव जाणे.

मग तो प्रसंग आला. काकासाहेबांचा थोराड मुलगा नीरेशी चाळे करू लागतो आणि नीरा छडी घेऊन त्याला बडवते. बायकांच्या बाजूने अशी काही गर्जना झाली की इंजिनवाला बाहेरून धावत आला. त्या गर्जनेत एक आवाज सगळ्यांच्या वर होता, “आणखी दोन दे मेल्याला!”

आवाज आमच्या आजीचा होता.

आजी. देवघरात आरतीसुद्धा ओठांतल्या ओठांत म्हणणारी! मी तिच्याकडे पाहिले. ती ताठ बसली होती आणि तिच्या शेजारी आत्या, तोंडाला पदर लावून. रडत होती की हसत होती, अंधारात कळले नाही. कनातीपलीकडे पुरुष अगदी चिडीचूप झाले. हळूहळू काही म्हातारी मंडळी बिडी ओढायला म्हणून बाहेर पडली ती परत आली नाहीत. त्यांतले दोघे बिजवर होते, हे मला नंतर कळले. नाना मात्र उठले नाहीत. काकासाहेब शेवटी नीरेला मुलीसारखी मानतात, तिने दुसरे लग्न करावे असे लिहून ठेवतात आणि जीव देतात, तिथपर्यंत ते बसून होते.

आता इथे थोडा इतिहास सांगणे भाग आहे, कारण नानाही बिजवरच.

म्हाताऱ्याने कोवळ्या पोरीशी लग्न करण्याविरुद्ध महाराष्ट्र तेव्हाच काही नवीन ओरडत नव्हता. देवलांचे ‘संगीत शारदा’ १८९९ सालचे. त्यातली पदे गावोगाव पाठ झाली. ती नानांनाही पाठ होती आणि ते ती सुरेल म्हणत. पद म्हणणे आणि वागणे ही दोन खाती आपल्याकडे निरनिराळ्या वहीत असतात. मग १९२९ साली बालविवाहाविरुद्ध कायदा झाला. तो आणणारे गृहस्थ अजमेरचे हरबिलास सारडा. आमच्याकडे त्याला सरसकट ‘शारदा कायदा’ म्हणत आणि नाटकवाल्या देवलांनीच तो सरकारकडून करून घेतला, असे पुष्कळांना वाटे. देवल तर १९१६ सालीच वारले होते. कायद्याने मुलीचे वय चौदा आणि मुलाचे अठरा ठरवले. एकवीस वर्षांवरच्या पुरुषाने चौदाच्या आतल्या मुलीशी लग्न केले तर महिन्यापर्यंत साधी कैद, नाहीतर हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. लग्न मात्र रद्द होत नसे. म्हणजे घेतलेली वस्तू परत करायची नाही, दंड तेवढा भरायचा.

कायदा अमलात यायचा होता १ एप्रिल १९३० पासून. ही तारीख कळल्यावर देशभर लग्नांची एकच झुंबड उडाली. पंचांगातले मुहूर्त पुरेनात. त्या झुंबडीत, १९३० च्या फाल्गुनात, नानांचे दुसरे लग्न लागले. नाना अडतीस, आजी तेरा. आजीचे माहेर जुने आंबेगाव, घोड नदीच्या खोऱ्यात. नानांच्या आयुष्यात १ एप्रिल दोनदा आला. पहिल्याला त्यांनी काही आठवड्यांनी गुंगारा दिला. दुसऱ्याने सत्तावीस वर्षांनी त्यांची जमीन नेली.

सिनेमा सुटला. गाडी गावाकडे निघाली. एवढ्या माणसांची गाडी, पण बैलांच्या घुंगरांशिवाय आवाज नाही. शेवटी नाना म्हणाले, “पार्श्वसंगीत नव्हतं. त्यामुळे रंगत आली नाही.”

कुणी काही बोलले नाही. मग गाडीवानच न राहवून म्हणाला, “नाना, एक इचारू का? त्या पोरीनं येवढा तमाशा कशापायी केला? आमच्यात अस्ती तर पंचांपुढं काडी मोडली अस्ती न् झाली अस्ती मोकळी. म्हातारा मरायची वाट कशाला बघायची?”

त्या अंधारात हा अडाणी माणूस हिंदू कायद्याचा इतिहासच सांगून गेला, हे मला फार वर्षांनी उमगले. काडीमोड ही आपल्याकडच्या कितीतरी कष्टकरी जातींतली जुनी रीत. काडी मोडायची, फारकत घ्यायची. विधवेने, सोडलेल्या बाईने पाट लावायचा. पेशवाईत तर सरकार पाटावर ‘पाटदाम’ नावाची पट्टीही घेत असे. म्हणजे ही चाल केवढी रुळलेली होती पाहा. सरकार ज्याच्यावर कर बसवते ती गोष्ट अस्तित्वात आहे, याबद्दल शंका बाळगू नये. शहाण्यासुरत्या, पोथ्या वाचणाऱ्या आम्हा लोकांत मात्र काडी मोडायची सोय नव्हती. १९३७ साली नीरा कोर्टात गेली असती तरी तिला घटस्फोट मिळाला नसता. मुंबई इलाख्यात हिंदूंसाठी तो कायदा आला १९४७ साली आणि साऱ्या देशासाठी हिंदू विवाह कायदा झाला १९५५ साली. आमचा गाडीवान वडिलोपार्जितच आमच्या पुढे होता!

त्या रात्री उकाड्यामुळे मी ओटीवर नानांच्या शेजारी निजलो होतो. आजी पाण्याचा तांब्या ठेवायला आली.

“ऐकलं का,” नाना म्हणाले, “तुला लग्नाआधी माझं वय काय सांगितलं होतं?”

“तीस.”

“अडतीस होतं.”

“ठाऊक आहे. अंतरपाट खाली आला तेव्हा हिशेब लागला होता.”

घड्याळाची टकटक तेवढी ऐकू येत होती.

“मग बोलली का नाहीस?”

“तेरा वर्षांची होते मी. कुणाशी बोलायचं? भटजी सावधान सावधान म्हणत होते ते मला सांगत होते, हे मागाहून कळलं.”

नाना बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी, माझ्या समजुतीप्रमाणे जन्मात पहिल्यांदाच, विचारले, “सुखी नव्हतीस का तू?”

आजी म्हणाली, “चौतीस वर्षांनी विचारताय. आता हो म्हटलं काय आणि नाही म्हटलं काय. माझं राहू द्या. पोरीचं काय करताय, ते सांगा.”

आणि ती आत निघून गेली. मी डोळे घट्ट मिटून पडलो होतो. नाना रात्रभर कूस बदलत होते.

दुसरा दिवस शनिवार. नानांनी घड्याळाला किल्ली दिली नाही. संध्याकाळी आजी कुणालाही न विचारता स्टुलावर चढली आणि तिने ती दिली. नाना पाहत होते. काही बोलले नाहीत.

सोमवारी सकाळी नानांनी काळा कोट घातला, छत्री घेतली. आत्या मुकाट्याने ट्रंक आवरू लागली. “तू कुठे निघालीस?” नाना खेकसले. “मी जुन्नरला वकिलाकडे जातोय. पोरीला खायला घाल.”

वकिलाने त्यांना चहा पाजून कायदा समजावला. १९५५ च्या कायद्यात क्रूरतेच्या कारणावरून थेट घटस्फोट नव्हताच. मिळे तो न्यायिक फारकतीचा हुकूम, म्हणजे वेगळे राहण्याची परवानगी. पुढे दोन वर्षे दोघे एकत्र आले नाहीत तर मग घटस्फोट मागायचा. (क्रूरतेवरून सरळ घटस्फोट मिळू लागला तो १९७६ च्या दुरुस्तीनंतर.)

“म्हणजे मारलं तर लांब राहायला मिळतं, पण सुटायला मिळत नाही?” नानांनी विचारले.

“कायदा तसा आहे, नाना.”

“आमचा गाडीवान याहून बरा कायदा करील,” असे म्हणून नानांनी वकालतनामा मागितला.

पुढे काही सिनेमासारखे घडले नाही. पुण्याच्या कोर्टात तारखांवर तारखा पडल्या. गावात कुजबुज झाली. “कुलकर्ण्यांची मुलगी परत आली” हे वाक्य लोक असे म्हणत जसे काही पटकी परत आली. एका सोयऱ्याने ओटीवर बसून नानांना घराण्याच्या अब्रूची आठवण करून दिली. नाना म्हणाले, “अब्रू माझी आहे, पाठ तिची आहे.” ते गृहस्थ पुन्हा ओटीवर आले नाहीत, त्यामुळे वर्षाकाठी आमची बरीच सुपारी वाचली. आत्याने शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले. जिल्हा परिषदेच्या शाळांत, आंबेगाव तालुक्यात, तिने तीस वर्षे मुलांना बाराखडी शिकवली आणि १९९८ साली ती निवृत्त झाली. तिने पुन्हा लग्न केले नाही. तो सिनेमा मात्र तिने पुन्हा कधी पाहिला नाही. “एकदा पाहिला, तेवढा पुरला,” म्हणायची.

आजीचे ‘राहू द्या’ मात्र नानांच्या मनातून गेले नाही. एकदा त्यांनी तिला विचारले, तुला काही हवे आहे का? बांगड्या वगैरे मागेल, अशी त्यांची अटकळ. आजी म्हणाली, “नाणेघाट बघायचाय. लहानपणापासून ऐकत आलेय.” आयुष्य जुन्नर तालुक्यात गेले आणि नाणेघाट पाहिला नव्हता! म्हणून आम्ही निघालो. जुन्नरपर्यंत एसटी, पुढे मिळेल ते वाहन, शेवटी पायी. सोबत शाळेतले एक मास्तर होते.

घाटाच्या तोंडाशी ती दोन हजार वर्षांपूर्वीची लेणी आहे. भिंतीवर सातवाहनांच्या राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख. तिथे कधीकाळी राजघराण्यातल्या माणसांचे पुतळेही होते. आता पायांच्या खुणा आणि डोक्यावरची नावे तेवढी उरली आहेत. मास्तर वाचून दाखवत होते, “हे इथं लिहिलंय, देवी नायनिका आणि राजा श्री सातकर्णी.”

“थांबा,” आजी म्हणाली. “बाईचं नाव आधी?”

“हो. राणीचं आधी, राजाचं मागून.”

आजीने नानांकडे पाहिले. नाना घसा खाकरून म्हणाले, “तेव्हा पद्धत असेल तशी.”

“असेल. पद्धत बदलते,” आजी म्हणाली आणि त्या अक्षरांवर तिने हात ठेवला.

त्या लेखात यज्ञांची यादी आहे. दक्षिणेत किती गाई दिल्या, घोडे, हत्ती, नाणी किती दिली, त्यांचे आकडे कोरलेले आहेत. राजाराणी सुखी होती का, याचा आकडा कुठेच नाही. इतिहासाला तो प्रश्न विचारायचे सुचत नाही. आमच्या नानांना तो चौतीस वर्षांनी सुचला, तोही तंबूत जाऊन आल्यावर.

नाना १९७१ साली गेले. आजी त्यानंतर बरीच वर्षे होती. घड्याळाला किल्ली तीच देत असे. तिचे माहेर, ते जुने आंबेगाव, डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की तिथल्या जुन्या देवळांचे अवशेष वर येतात. ती सुखी होती की नाही, हे मी तिला कधी विचारले नाही. धीर झाला नाही.

हे सगळे आठवून झाल्यावर परवा रात्री मी धीर केला. सौ.ला विचारले, “काय गं, तू सुखी आहेस ना?”

तिने पुस्तकातून डोके वर केले. माझ्याकडे पाहिले, मग भिंतीकडे पाहिले.

“घड्याळ बंद पडून आठ दिवस झाले,” ती म्हणाली. “आधी त्याचा सेल आणा. मग बोलू.”

दुकाने बंद व्हायला पाव तास होता. मी चपला घातल्या.